दुसऱ्या खेळानंतर

मोनफाल्कोनेच्या छोट्या थिएटरात तिकिटं मी फाडते,
आणि खेळ सुटला की दारही मीच धरून ठेवते,
कारण बोरा वारा उठला की ते
बाहेर पडणाऱ्याच्या पाठीत बसतं.
त्यामुळे लोकांची मतं
मला फुकटात ऐकायला मिळतात.

या आठवड्यात भुताच्या जहाजाचा सिनेमा आहे.
साठ वर्षं हरवलेली बोट धुक्यातून वर येते,
नाचघराचे दिवे लागतात
आणि मेलेले लोक वॉल्ट्झ नाचतात.

पहिला बाहेर आला दुइलियो, तणतणत.
चाळीस वर्षं गोदीत पाइप जोडले त्यानं.
"बोटीतलं दार असं उघडतं होय?
ज्यानं बसवलं त्याला आधी बुडवा!
आणि इंजिनखोलीत एवढी शांतता?
अरे, जहाज झोपलं तरी पंप घोरत असतो."
भुतांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.
भुतं ठीक होती म्हणाला.

मास्तरीण फुरलान म्हणाली, जहाज हे प्रतीक आहे.
कशाचं, ते तिला वाऱ्यात नीट सांगता आलं नाही.

ओंदिना सिडनीच्या बोटींवर केबिन आवरायची.
आरशात बघून ओठ रंगवताना
माझ्याशी बोलली की स्वतःशी, कोण जाणे:
"तीनशे मुडदे नाचतायत,
एकाचीही कॉलर चुरगळलेली नाही.
इस्त्री कुणी केली?
खाली धोबीखान्यात माणसं होती की,
ती मेली नाहीत?
का मेल्यावरही कामावरच आहेत?"
मग लिपस्टिकचं टोपण लावून
जरा घाईनंच गेली.

आजोबांच्या आडून आत घुसलेला एलिया, वय नऊ,
म्हणाला, अजिबात भीती वाटली नाही, रक्त टोमॅटोचं होतं.
नंतर हळूच: बाथरूमच्या दाराशी उभी राहशील?
राहिले.
आतून तो मोठमोठ्यानं सातचा पाढा म्हणत होता.

मोफज्जल रेंगाळला. भैरबचा आहे, गोदीत वेल्डिंग करतो.
"इटालियन निम्मं कळलं, किंकाळ्या सगळ्या कळल्या.
पण ती लांबलचक वाट प्लायवुडची आहे,
जोडाची शिवण कुठंच नाही."
मग म्हणाला, "नवं जहाज सोपवायच्या आधी
टेलिफोन तपासतात. दोन हजार खोल्या,
गाद्या अजून प्लास्टिकमध्ये,
आणि सगळे फोन एकदम वाजतात.
रात्रपाळी. सातव्या डेकवर मी एकटा.
एक उचलला."
मग?
"पलीकडून बंगालीत कुणी खेकसलं,
ठेव रे खाली, माझी मोजणी चुकते!
माझ्याच गावचा निघाला."
हसला. पण हसायच्या आधी
त्यानं मागं वळून पाहिलं होतं.

सगळ्यात शेवटी नेरीना.
याच सिनेमाला तिसऱ्यांदा आलेली.
"झोप छान लागते," म्हणाली, "इंजिनाचा आवाज असतो ना."
कोटाचं वरचं बटण लावता लावता थांबली.
"त्या नटीला भूत करायला गालांना पीठ फासलंय.
तसं नसतं.
आधी पापण्यांवर बसतं ते,
मग कानांच्या घडीत.
हा पायरीवरच उभा राहून झटकायचा,
पोरं ओरडत पळायची, भूत आलं, भूत आलं,
आणि तो डगला मी
बादलीत हातानं धुवायची."
कसली धूळ, असं या गावात कुणी विचारत नाही.
ती थोडी खोकली.
वारा, म्हणाली.

मालकाचा फोन आला. कसा वाटतोय लोकांना?
मी म्हटलं, दार चुकलंय,
इस्त्री जास्त झालीय,
आणि पीठ नीट बसलेलं नाही.
"म्हणजे चालेल की उतरवू?"
रविवारपर्यंत राहू द्या, म्हटलं.

खुर्च्यांखालचे मक्याचे दाणे झाडले.
नेरीनाच्या जागेवर एक हातमोजा राहिला होता,
लोकरीचा, डाव्या हाताचा.
काउंटरवर ठेवलाय.
उद्या साडेसहाला येईलच ती.